वावरातल्या मोटरचं पॅनल घरी बांधताना: रेल, चॅनल, थिंबल, ग्लँड अन् वायर कशी निवडायची

मोठेबाबांच्या बोअरवरचं पॅनल मे महिन्यात उघडलं तं आत तीन गोष्टी निघाल्या: वाळून कडक झालेली एक पाल, कुंभारीण माशीचं मातीचं घर, अन् कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा तो मोठा स्विच) मधल्या टर्मिनलमध्ये एक वायर, जिला बोट लावलं की इन्सुलेशनचा भुगा होऊन खाली पडत होता. कॉन्टॅक्टर नामांकित कंपनीचा, रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारी) नवीन, पाच एचपीची मोटर ठणठणीत. वायरीच्या टोकाला चेपायची धातूची टोपी, म्हणजे थिंबल, नव्हतंच. मी विचारलं, "मोठेबाबा, इथं थिंबल काहून नाही टाकलं?" तर म्हणे, "चार आण्याच्या थिंबलनं काय होते बे, वायर पक्की पिळून टाकली होती की." अन् पाल आत शिरली ती खालच्या भोकातून. भोक दोन बोटं रुंद, केबल एक बोट जाड, अन् केबलभोवती भोक आवळून बंद करणारा ग्लँड "नंतर लावू" म्हणून राहिला तो चार वर्षं राहिलाच.

तेव्हापासून मी जेवढी पॅनलं उघडली, आमच्या गावातली अन् आजूबाजूची, त्यातली बहुतेक अशाच किरकोळ जागी मेलेली दिसली. लोक दुकानात जाऊन कॉन्टॅक्टर कोणत्या कंपनीचा यावर अर्धा तास वाद घालतात अन् रेल, थिंबल, ग्लँड, कनेक्टर हे "द्या जे असंल ते" म्हणून उचलतात. म्हणून या लेखात मी या सामानावर जास्त वेळ घालवणार आहे, कॉन्टॅक्टर-रिलेचं कामापुरतंच.

लेख ३ ते ७.५ एचपीच्या थ्री फेज मोटरसाठी आहे, डायरेक्ट स्टार्टवाल्या, म्हणजे बटण दाबलं की थेट पूर्ण व्होल्टेजवर उठणाऱ्या. १० एचपीच्या वरची असंल अन् स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांत उठवणारा स्टार्टर) लागत असंल तर पॅनलवाल्याकडूनच बांधून घ्या. अजून एक, पॅनल तुम्ही घरी ओसरीत बसून बांधा, पण मीटरकडची लाईन जोडायचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) स्वतः चढून फ्यूज काढणारे आपल्याकडं लय आहेत, त्यातले काही आता नाहीत. लाईनमनला फोन करा, येईपर्यंत चहा प्या.

आधी मोटरची प्लेट वाचा

मोटरवरच्या पत्र्यावर अँपिअर लिहिलेला असतो, पुसला असंल तर कपड्याला थोडं रॉकेल लावून घासा, दिसतो. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्टला साधारण साडेसात ते नऊ अँपिअर घेते, ओपनवेल मोनोब्लॉक कमी अन् बोअरची सबमर्सिबल जास्त. ३ ची पाचेक अँपिअर, साडेसातची ११-१२. सुरू होताना मात्र याच्या सहा-सात पट करंट जातो, दोन-तीन सेकंद का होईना, अन् ढिल्या जोडाला तेवढंच पुरतं. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटरी एकाच वेळी चालतात तेव्हा व्होल्टेज ३४० पर्यंत उतरताना मी स्वतः मीटरवर पाहिलंय. व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते, म्हणजे प्लेटवर साडेसात लिहिलं तरी पॅनलमधून नऊ-दहा जाऊ शकतो. सगळं सामान एक नंबर मोठं घ्यायचं ते यासाठी.

डबा घ्यायच्या आधी पेपर पसरा

मी पहिलं पॅनल बांधलं तेव्हा डबा आधी घेतला, १५० मिलिमीटर खोलीचा, स्वस्तात मिळाला म्हणून. सगळं छान बसलं, वायरिंग झालं, अन् शेवटी दार लावायला गेलो तं लागेचना. दारावरच्या पुश बटणाचा मागचा भाग आत कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर टेकत होता. बटणं खाली सरकवली, जुन्या दोन भोकांवर पत्रा मारला, अजूनही ते पॅनल पाहिलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यामुळं आता मी सामान आधी घेतो, डबा शेवटी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर सामान जसं बसणार तसं मांडायचं अन् पट्टीनं मोजायचं. एमसीबीचा (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) एक पोल साधारण १८ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे चार पोलचा ७२, कंट्रोलचा दोन पोलचा ३६. लहान कॉन्टॅक्टर ४५. फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) कंपनीनुसार २० पासून ४० पर्यंत, टायमर २० च्या आसपास. रुंदी सहसा पुरते, लोक फसतात ते उंचीत. माझी बेरीज अशी होती: वरचं चॅनल (वायरी ज्यातून नेतात ती पीव्हीसीची नळी) ४५, जागा २५, एमसीबी ८५, जागा २५, चॅनल ४५, जागा २५, कॉन्टॅक्टर अन् त्याच्या खाली लटकलेली ओव्हरलोड रिले मिळून १५०, जागा २५, चॅनल ४५, जागा २५, कनेक्टर ५०. झाले ५४५. शिवाय केबल वळवायला कनेक्टरच्या खाली कमीत कमी १०० मिलिमीटर लागते, जाड अॅल्युमिनियमची केबल काही दोऱ्यासारखी वळत नाही. म्हणजे ७०० उंच, ४०० रुंद अन् २०० खोल. दुकानदार म्हणंल पाचच्या मोटरला एवढं कपाट काहून, ३०० बाय ४०० घेऊन जा. ऐकू नका, लहान डब्यात उन्हाळ्यात जे होतं ते तो पाहायला येत नाही.

डबा १६ गेजच्या पत्र्याचा, म्हणजे १.६ मिलिमीटर. १८ गेज पण चालतो पण दार काही दिवसांनी पिळवटतं अन् मग रबर एका कोपऱ्यात दाबल्याच जात नाही. पावडर कोटिंग फिक्या रंगाचं घ्या. आयपी ५५ लिहिलेला डबा घ्या, म्हणजे धूळ अन् पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव, पण हे लक्षात ठेवा की तुम्ही त्यात ज्या क्षणी भोक पाडता अन् नीट बंद करत नाही त्या क्षणी तो आयपी कागदावरच राहतो. दाराचं रबर बोटानं दाबून पाहा, ओतलेलं सलग रबर चांगलं, चिकटवलेल्या पट्टीचे कोपरे दोन उन्हाळ्यात सुटतात. आतली माउंटिंग प्लेट बहुतेक नारंगी असते, ती सुटी निघणारी पाहिजे. प्लेट काढून ओसरीत टेबलावर ठेवून सगळं बसवायचं, वायरिंग करायचं अन् मग डब्यात टाकायची, डब्यात हात घालून ड्रिल मारत बसलं की कंबर जाते.

नागपूरकडच्या एमआयडीसीतून भंगारात निघालेले पॅनलचे डबे मिळतात, जाड पत्र्याचे, मस्त. घ्यायला हरकत नाही, फक्त वरच्या बाजूला जुनी भोकं नसलेला पाहा. वरचं भोक कितीही सिलिकॉन भरलं तरी जुलैत पाणी आपली वाट काढतं.

रेल अन् चॅनल

रेल, म्हणजे सामान अडकवायची लोखंडी पट्टी, ३५ मिलिमीटरची, साडेसात खोलीची, ही स्टँडर्ड आहे, एमसीबी, कॉन्टॅक्टर, टायमर, कनेक्टर सगळं हिच्यावर चटकन बसतं. जाडी १ मिलिमीटर बघून घ्या, बाजारात पातळ रेल पण येते जी हातानं वाकते. कॉन्टॅक्टर दिवसातून कितीदा तरी आपटतो, पातळ रेल त्या धक्क्यानं हलत राहते अन् मग रेलचे नाही, वायरीचे स्क्रू ढिले होतात. अॅल्युमिनियमची पण मिळते, मी स्टीलचीच घेतो, अर्थचे (अर्थिंगचे) टर्मिनल रेलवर बसवायचे असतात अन् तिथं मला स्टीलवर भरवसा आहे.

रेल हॅकसॉनं कापा अन् कापलेली धार कानसीनं मोडा. ही धार राहिली तर वायर ओढताना इन्सुलेशन चिरतं, डोळ्याला दिसत पण नाही. प्लेटवर बसवताना आमच्याकडं सगळे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारतात, तो पाठीमागून टोक काढतो अन् धक्क्यानं सैल पण होतो. थोडी मेहनत करा, एम५ चा आटा पाडा, त्याला ४.२ चं ड्रिल लागतं, एम४ ला ३.३ चं. स्प्रिंग वॉशर टाका. दर २०० ते २५० मिलिमीटरला एक स्क्रू. रेल आडवीच पाहिजे, कॉन्टॅक्टर सरळ उभा बसला पाहिजे, आडवा झोपवला तर त्याचा आतला भाग नीट सुटत नाही.

चॅनल म्हणजे ते दातेवालं पीव्हीसीचं. लोक २५ बाय २५ चं घेतात, कारण दिसायला नाजूक दिसतं, अन् मग त्यात चार एमएमच्या (चौरस मिलिमीटरच्या) नऊ वायरी कोंबून वरचं झाकण बुक्क्या मारून बसवतात. ४५ बाय ४५ घ्या, निम्मं भरलं की थांबा. कोंबलेल्या वायरीतून उष्णता बाहेर जात नाही अन् उद्या एक वायर बदलायची झाली तर सगळं उलगडावं लागतं. चॅनल अन् सामानाच्या टर्मिनलमध्ये दोन बोटांची जागा ठेवाच, नाहीतर पेचकस तिरपा जातो अन् तिरप्या पेचकसानं कसलेला स्क्रू कसलेला नसतोच.

पेचकसावरून आठवलं. एमसीबी-कॉन्टॅक्टरच्या बहुतेक स्क्रूवर चार रेघांच्या मधात अजून चार बारीक रेघा असतात, तो पोझी म्हणून वेगळा प्रकार आहे, त्याला पीझेड२ चा पेचकस लागतो. साधा फिलिप्सचा लावला की निसटतो, डोकं खराब होतं, अन् आपण समजतो की पूर्ण कसलं. एक पेचकस घ्या, जन्मभर पुरंल.

मोठं सामान, थोडक्यात

एमसीबी किती पट करंटला झटकन पडतो ते त्याच्या कर्व्हच्या अक्षरावरून कळतं, बी सगळ्यात आधी पडतो, डी सगळ्यात शेवटी. मोटरसाठी डी कर्व्हचा मिळाला तर १६ अँपिअर, नाही मिळाला तर सी कर्व्ह २० (५ एचपीला). बी कर्व्ह घेऊ नका, स्टार्टिंगलाच पडंल. एक गोष्ट कोणी सांगत नाही, घरगुती एमसीबी ३० डिग्री तापमान धरून बनवलेला असतो. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५-४६, टिनाच्या डब्यात ५५ च्या वर, तेव्हा तोच एमसीबी लिहिल्यापेक्षा दहा-वीस टक्के कमी करंटला पडतो. अन् मग लोक तो खराब आहे म्हणून ४० चा टाकतात, अन् वायर तीच.

कॉन्टॅक्टर घेताना एसी-३ चा, म्हणजे मोटरच्या लोडचा, आकडा बघा. दुकानदार कधी कधी "२५ अँपिअरचा आहे" म्हणून देतो तो एसी-१ चा आकडा असतो, म्हणजे हीटरसारख्या लोडचा, मोटरसाठी तोच कॉन्टॅक्टर ९ चाच. दोन्ही आकडे बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात असतात, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा. ५ एचपीला १२ चा पुरतो, मी १८ चा टाकतो.

कॉइलवर, म्हणजे कॉन्टॅक्टरला आत ओढून धरणाऱ्या गुंडाळीवर, जरा थांबू. २४० ची कॉइल स्वस्त, पण तिला न्यूट्रल लागतो, अन् वावरातला न्यूट्रल कधी तुटंल, कधी ढिला होईल, सांगता येत नाही. न्यूट्रल तुटला की २४० च्या जागी भलतंच व्होल्टेज येतं अन् कॉइल जळते. म्हणून शेतीत ४१५ ची कॉइल, दोन फेजमध्ये. पण साधी कॉइल ८५ टक्के व्होल्टेजपर्यंतचीच हमी देते, म्हणजे ४१५ चे साडेतीनशे. त्याखाली ती जात्यासारखी घरघर करते, कॉन्टॅक्ट अर्धवट टेकतात अन् ठिणग्या पडून जळतात. रोज संध्याकाळी व्होल्टेज पडत असंल तर शेतीपंपाच्या स्टार्टरसाठीची वाईड बँड कॉइल मागा, मिळते.

ओव्हरलोड रिलेची रेंज अशी घ्या की मोटरचा अँपिअर मधात येईल, आठ अँपिअरला ६ ते १० सारखी, अन् डायल प्लेटवरच्या आकड्यावर लावा. रिले पडते म्हणून डायल पुढं सरकवणं म्हणजे आपणच मोटर जाळणं, भाऊ. गावात रिवाइंडिंगवाल्याची दोन मजली इमारत या एका डायलवर उभी आहे.

फेज प्रिव्हेंटर करंटवाला घ्या, म्हणजे ज्याच्या भोकातून तिन्ही वायरी जातात तो. व्होल्टेजवाला स्वस्त असतो पण मोटर चालू असताना एक फेज गेला तर मोटर स्वतःच त्या गेलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करत राहते, प्रिव्हेंटरला वाटतं सगळं ठीक आहे. शिवाय कॉन्टॅक्टरच्या पुढं एखादी वायर सुटली तर व्होल्टेजवाल्याला ते कळतच नाही.

वायर, अन् थिंबल, थिंबल, थिंबल

पॅनलमध्ये मल्टिस्ट्रँड तांब्याचीच वायर, ११०० व्होल्टची, एफआर (आग पसरू न देणारी) लिहिलेली. पॉवरला चार एमएम, कंट्रोलला एक किंवा दीड. ५ एचपीला अडीचही चालंल असं कोणी म्हणंल, अन् घराच्या फिटिंगमध्ये खरंच चालते, पण ५५ डिग्रीच्या बंद डब्यात, गठ्ठ्यात, पडत्या व्होल्टेजवर, चारच टाका, दोन-तीन मीटरचाच तर प्रश्न आहे. फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. कंट्रोलला एकच वेगळा रंग घ्या, मी राखाडी वापरतो. घरी उरलेल्या वायरीचे तुकडे जोडून पॅनल बांधायचा मोह होतो, मला पण होतो, पण हिरवी वायर फेजला लावलेलं पॅनल मी एकदा उघडलंय अन् तेव्हापासून कोणाच्याही हिरव्या वायरीला टेस्टर लावल्याशिवाय हात लावत नाही.

आता थिंबल. मल्टिस्ट्रँड वायर नुसती पिळून स्क्रूखाली घातली की स्क्रू फिरताना तिचे तार पसरतात, काही दबतात, काही बाजूला निघतात, काही तुटतात. तीस तारांच्या वायरीतले बाराच तार खरं काम करतात, बाकी दिखाव्याला. तिथं गरम होतं, गरम झालं की तांबं काळं पडतं, काळं पडलं की अजून गरम होतं. मोठेबाबांच्या पॅनलमध्ये हेच झालं.

एमसीबी, कॉन्टॅक्टर, कनेक्टर, जिथं चौकोनी भोकात वायर शिरते तिथं पिन थिंबल, म्हणजे प्लास्टिकची टोपी असलेली ती पोकळ नळी. साइज रंगावरून कळते: १ ला लाल, दीडला काळी, अडीचला निळी, चारला राखाडी, सहाला पिवळी. रंगाचे दोन प्रकार बाजारात चालतात म्हणून पाकिटावरचा आकडा पण वाचा. जिथं स्क्रू पूर्ण निघतो, अर्थच्या बोल्टवर किंवा मोटरच्या टर्मिनलवर, तिथं रिंग थिंबल. यू थिंबल टाकायला सोपं पण स्क्रू जरा ढिला झाला की सरकून बाहेर, मी फक्त मीटरच्या मागं वापरतो.

करायचं असं. वायर दहा-बारा मिलिमीटर सोला, स्ट्रिपरनं, दातानं किंवा ब्लेडनं नाही, ब्लेडनं तार कापले जातात. तार न पिळता सरळ थिंबलमध्ये घाला, टोकाशी तांबं नळीच्या बरोबर दिसलं पाहिजे, अर्धा मिलिमीटर बाहेर आलं तरी चालंल. मग क्रिम्पिंग टूल, रॅचेटवालं, जे पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. पक्कडीनं चेपलेलं थिंबल चपटं होतं अन् आत पोकळ राहतं. चेपून झालं की थिंबल धरून वायर जोरात ओढा. निघाली तर बरं झालं आत्ताच निघाली. टूल महाग वाटत असंल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, आमच्या गावात एक टूल पाच घरं फिरतं, शेवटचं कोणाकडं आहे ते व्हॉट्सॲपवर विचारावं लागतं.

काही जुने मिस्त्री वायरीच्या टोकाला सोल्डर लावतात. दिसतं छान, पण कथील मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातं अन् सहा महिन्यांत स्क्रू आपोआप ढिला. स्क्रूखाली सोल्डर नको.

मीटरकडून येणारी केबल बहुतेक अॅल्युमिनियमची असते. ती तांब्याच्या वायरीला पिळून टेप मारणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उद्योग आहे. पहिल्या पावसाळ्यात ओल लागली की दोन धातूंच्या मधात पांढरी पूड जमते. बायमेटल लग घ्या, म्हणजे मागून अॅल्युमिनियम अन् पुढून तांबं, केबलचं टोक पॉलिश पेपरनं घासून, लगमध्ये जॉइंट पेस्ट भरून मोठ्या क्रिम्परनं चेपा. तो क्रिम्पर घरी नसतो, केबल विकणाऱ्या दुकानात दहा मिनिटांत करून देतात.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची फेरूल, म्हणजे ती छापील छोटी नळी, थिंबल चेपायच्या आधी घाला. नंतर घालायची आठवण येते तेव्हा थिंबल कापावं लागतं, मला दर वेळी येते.

कनेक्टर, ग्लँड, अर्थ

बाहेरून येणारी कोणतीही वायर थेट कॉन्टॅक्टरवर आणू नका. खाली कनेक्टरची पट्टी, आमच्याकडं कोणत्याही कंपनीचा असो त्याला एलमेक्सच म्हणतात, ती लावा अन् बाहेरचं सगळं तिथं थांबवा. पॉवरला १० एमएमचे, कंट्रोलला ४ चे. दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प, नाहीतर पट्टी रेलवर सरकत राहते. एका भोकात एकच वायर. दोन-चार कनेक्टर जास्तीचे ठेवा, पुढच्या वर्षी विहिरीतला फ्लोट किंवा मोबाईल स्टार्टर लावायचा विचार येतोच.

ग्लँड केबलच्या जाडीचा, अंदाजानं नाही. केबलचा तुकडा खिशात टाकून दुकानात न्या. साध्या केबलला नायलॉनचा, आर्मर्ड केबलला पितळेचा, आर्मरच्या तारा त्यात दाबून अर्थ पण होतो. अडचण येते ती सबमर्सिबलच्या चपट्या केबलची, गोल ग्लँडमध्ये ती दोन्ही बाजूला फट सोडते अन् तिथूनच मुंगळे, पाली, सगळा संसार आत. चपट्या भोकाचं रबर मिळतं काही ठिकाणी. नाही मिळालं तर मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा गोल कापून त्याला ब्लेडनं चपटी चीर देतो, केबल त्यातून ओढतो, मग मोठ्या ग्लँडमध्ये तो तुकडा बसवून आवळतो अन् आतून थोडं सिलिकॉन. चार वर्षं झाली, आत मुंगी नाही. भोकं फक्त खालच्या पत्र्यातच. न वापरलेल्या भोकाला प्लग. अन् केबल पॅनलखाली एक झोल देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातच टपकतं.

अर्थ मोटरला दोन वेगवेगळे, हा नियमच आहे, हौस नाही. पॅनलच्या बॉडीला, प्लेटला अन् दाराला पण. दाराला अर्थ बिजागरीतून जात नाही, पावडर कोटिंग अन् गंज मधात असतो, त्याला वेगळी लवचिक चार एमएमची हिरवी वायर, रिंग थिंबल लावून, अन् बोल्टखाली दातेवाला वॉशर जो रंग कापून पत्र्याला भिडतो. बटणं, लाइट सगळं दारावर असतं अन् ओल्या हातानं आपण दारालाच हात लावतो. बाहेरचा अर्थ काळ्या मातीत असंल तर उन्हाळ्यात त्या जमिनीला हात-हात भेगा पडतात, माती पाइपला सोडते, अन् अर्थ नावालाच उरतो. मार्चपासून आठवड्याला एक बादली पाणी त्या खड्ड्यात घाला. ज्यांना जमंल त्यांनी अर्थ लीकेजचा ब्रेकर पण लावा, ओलीत करताना चिखलात उभं राहून बटण दाबणाऱ्या माणसाला तोच एक आधार आहे.

कंट्रोलचं वायरिंग

एका फेजवरून दोन पोलच्या २ अँपिअर एमसीबीत, तिथून ओव्हरलोडच्या ९५ नंबरच्या टर्मिनलला, ९६ मधून प्रिव्हेंटरच्या त्या कॉन्टॅक्टला जो सगळं ठीक असताना जुळलेला असतो, तिथून लाल स्टॉप बटणाच्या एनसीला (न दाबता जुळलेला कॉन्टॅक्ट), मग हिरव्या स्टार्ट बटणाच्या एनओला (दाबल्यावर जुळणारा), अन् तिथून कॉइलच्या ए१ ला. कॉइलचा ए२ त्याच एमसीबीच्या दुसऱ्या पोलमधून दुसऱ्या फेजला. कॉन्टॅक्टरचा १३-१४ स्टार्ट बटणाच्या समांतर, म्हणजे बोट काढलं तरी मोटर चालू राहते. एवढंच आहे. कागदावर काढा, वायरीचे नंबर त्यावर लिहा.

दारावरच्या बटणांना भोक साडेबावीस मिलिमीटरच्या होल सॉनं. मीटर ९६ चा घेतला तर भोक ९२ बाय ९२ चौकोनी, जिगसॉनं, बाहेर टेप चिकटवून कापा म्हणजे रंग उडत नाही. दाराकडं जाणाऱ्या वायरी एका गठ्ठ्यात, स्पायरल गुंडाळून, बिजागरीच्या बाजूनं, दार पूर्ण उघडलं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवून.

ऑटो स्विच, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा, लावू का, हे सगळेच विचारतात. रात्री १२ ला लाईन येते, जागलीला जायचा जीव होत नाही, मला समजतं. पण लाईन आली की डीपीवरच्या वीस मोटरी एकाच सेकंदाला उठतात, सगळ्यांचा स्टार्टिंग करंट एकदम, अन् डीपी उडतो, मग पंधरा दिवस सगळेच कोरडे. लावायचाच असंल तर ऑन डिले टायमर टाका अन् शेजाऱ्यांशी बोलून घ्या, कोणी एक मिनिट, कोणी दोन, कोणी तीन. सोबत कपॅसिटर लावा, ५ एचपीला २ केव्हीएआर. तो कॉन्टॅक्टरच्या पुढं पण ओव्हरलोडच्या आधी जोडा, ओव्हरलोडच्या नंतर जोडला तर रिलेला मोटरचा खरा करंट दिसतच नाही. अन् मोटर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून, मीटरनं मोजूनच कपॅसिटरला हात लावा, लाईन गेली तरी त्यात दम असतो.

पहिल्यांदा चालू करताना

मोटरच्या वायरी कनेक्टरवरून सोडवून ठेवा. आधी फक्त कंट्रोल: स्टार्ट दाबा, कॉन्टॅक्टर टक्क बसला पाहिजे, घरघर नको. स्टॉप दाबा. ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबा, सुटला पाहिजे. हे सगळं झालं की लाईन बंद करून मोटर जोडा. पंप उलटा फिरून पाणी कमी देत असंल तर मोटरकडच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजा अन् तारखेसकट दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहा, दोन वर्षांनी काही बिघडलं तर हाच आकडा कामी येतो. वायरिंगचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथंच चिकटवा.

मोठेबाबांचं नवीन पॅनल आता पळसाच्या सावलीत, दार उत्तरेकडं, छातीएवढ्या उंचीवर उभं आहे, वर टिनाची छोटी छपरी. आठ दिवसांनी मी लाईन बंद करून सगळे स्क्रू परत एकदा कसायला गेलो, चार स्क्रू पाव पाव आटा फिरले. मोठेबाबा बाजूला बसून पाहत होते. म्हणाले, "नवीनच तं हाय, आतापासूनच काहून ढिलं?" मी म्हटलं तांबं दबून बसते थोडं, पुढच्या वेळी नाही फिरणार. तर उठले, माझ्याकडून तेच पीझेड२ वालं पेचकस मागून घेतलं अन् म्हणे हे इथंच ठेव, पोळ्याच्या आधी मी पाहतो.